मूळ डिस्कशिवाय नाही

बाजाराच्या मागच्या गल्लीत, चष्म्यांच्या दुकानाला लागून, कॉम्प्युटर दुरुस्तीचं एक चिंचोळं दुकान आहे. त्याच्या मालकाचं खरं नाव विचारलंत तर शेजारच्या चष्मेवाल्यालाही डोकं खाजवावं लागेल. सगळे त्याला सावकाश म्हणतात. तोंडावर सावकाशभाऊ, पाठीमागे नुसतं सावकाश. बंद पडलेलं मशीन घेऊन जा, हा आधी ते उघडणार, आतली हार्ड डिस्क बाहेर काढणार, तिची दुसऱ्या डिस्कवर अख्खी कॉपी करून घेणार, आणि त्या कॉपीतले दोन-चार फोटो, दोन-चार पत्रं तुम्हाला उघडून दाखवणार. मग कुठे रोग काय आहे ते बघायला हात घालणार. गिऱ्हाईक म्हणतं, "अहो, नुसती वायर सैल झालीय, मला इथून दिसतेय!" हा म्हणतो, "असेल. आधी कॉपी होऊ द्या." यात कधी तीन तास जातात, कधी दोन दिवस. लोक पाय आपटत जातात, नाही नाही ते बोलतात, आणि पुढच्या वेळी निमूटपणे पुन्हा इथेच येतात, कारण या दुकानात कुणाची एक ओळसुद्धा हरवलेली नाही असा त्याचा लौकिक आहे.

लौकिक खरा आहे, पण तो गेल्या नऊ वर्षांपुरता.

त्याआधी याच माणसाला गल्लीत विमान म्हणायचे. एका कचेरीत टाइपरायटर पुसायच्या कामावर तो पोरवयात लागला. कचेरीत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा साहेबलोक त्याला हात लावायला घाबरायचे, आणि हा मात्र जेवणाच्या सुट्टीत त्याचं झाकण उघडून आत डोकावायचा. कुणाकडे शिकला नाही, कुणी शिकवलं नाही. पुढे नोकरी सोडून दुकान टाकलं, आणि बाहेर पाटी लावली, 'सकाळी द्या, दुपारी न्या.' एका वेळी तीन मशीनं उघडी, फोन खांद्यात आणि कानात धरलेला, तोंडानं चौथ्या गिऱ्हाइकाशी गप्पा. चष्मेवाला म्हणायचा, "मशीन आजारी पडायच्या आत हा त्याला बरं करतो." विमानाला हे ऐकायला फार आवडायचं. स्वतःच्या हातांवर त्याचा नको इतका विश्वास होता.

विमानाचा सावकाश कसा झाला हे गल्लीत कुणाला माहीत नाही. चष्मेवाल्याला वाटतं, वय झालं. बायकोला वाटतं, पाठदुखी. लोक त्याच्या सावधपणाचं कौतुक करतात तेव्हा तो खाली मान घालून स्क्रू शोधायला लागतो, आणि लोकांना वाटतं, किती हा विनय.

विनय कसला! त्या माणसाच्या पोटात नऊ वर्षं एक खोटं बसलेलं होतं, आणि कौतुकाचा शब्द कानावर पडला की ते आतून टोचायचं.

नऊ वर्षांपूर्वी एक बाई त्याच्या दुकानात मशीन घेऊन आली. शिवणकाम करणारी. शाळांचे गणवेश शिवायची, त्यामुळे गावातली निम्मी पोरं तिच्या हातची विजार घालून फिरायची. तिचा नवरा बस स्टँडवर अनाउन्सर होता. गाड्या कुठल्या फलाटावर लागल्यात, कुठली उशिरा येतेय, कुणाचं मूल हरवलंय, हे सगळं तो काचेच्या खोलीत बसून माइकवर सांगायचा. सगळ्या गावाला त्याचा आवाज पाठ होता, पण समोर आला तर एकालाही ओळखता आला नसता. पुढे त्याच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, जीव वाचेल, आवाज जाईल. ऑपरेशनला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत त्यानं एक छोटा माइक आणला, घरातल्या कॉम्प्युटरला जोडला, आणि रोज दुपारी खोलीचं दार लावून घेऊन तो बोलत बसला. बायकोला म्हणाला, "आता ऐकू नकोस. मी बोलू शकत असताना कशाला ऐकायचं? नंतर ऐक."

ऑपरेशननंतर तो दोन वर्षं जगला. पाटीवर लिहून बोलायचा. तो समोर असा मुका बसलेला असताना त्याचा जुना आवाज लावायचं तिच्या मनानं घेतलं नाही, आणि त्यानंही कधी सुचवलं नाही. तो गेला. महिनाभरानं तिनं धीर करून कॉम्प्युटरचं बटण दाबलं, तर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ आली. एक फाइल सापडत नाही, मूळ डिस्क घाला आणि दुरुस्तीसाठी आर हे बटण दाबा.

विमानानं ती ओळ वाचली आणि हसला. "अहो ताई, काही नाही हे. मशीन घेतलं तेव्हा सोबत डिस्क मिळाल्या असतील, सीडीसारख्या चकत्या, त्या आणा. दहा मिनिटांचं काम. आवाज कुठे जात नाही."

बाई डिस्क शोधायला घरी गेली. ती संध्याकाळपर्यंत येणार नव्हती, आणि विमानाला संध्याकाळपर्यंत थांबवत नव्हतं. खणात एका जुन्या गिऱ्हाइकाची डिस्क पडून होती. त्याच कंपनीची, तशाच मशीनची. त्यानं ती घातली.

आता यात एक गोम आहे, ती या धंद्यातल्या माणसालाच कळते. मूळ डिस्क दोन जातीच्या असतात. एक असते ती बिघडलेलं तेवढं नीट करते, बाकीच्याला हात लावत नाही. दुसरी असते ती मशीनला कारखान्यातून निघाल्या दिवशी जसं होतं तसं करून ठेवते, म्हणजे त्यानंतर मालकानं त्यात जे जे साठवलं ते सगळं पुसते. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. कुठली आहे ते बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, आणि पुसायच्या आधी पडद्यावर एकदा विचारलंही जातं. विमानाच्या एका कानाला फोन होता. पडद्यानं विचारलं, आणि दिवसातून पन्नास वेळा जे बटण दाबायचं, ते त्याच्या बोटानं दाबलं. हो.

फोन संपवून त्यानं वर पाहिलं तेव्हा हिरवी पट्टी सरकत होती. शंभरातले बारा. तेरा. त्यानं भिंतीतला प्लग उपटून काढला. पट्टी चौदावर थांबली आणि पडदा काळा झाला. नंतर कितीदा बटण दाबलं, मशीन चालू होईना. अर्धवट पुसलेलं, अर्धवट भरलेलं, ना घर का ना घाट का.

संध्याकाळी बाई आली. केसांत धूळ, हात काळे. "सगळं घर पालथं घातलं. नाही हो सापडल्या डिस्क. आता?"

तो खरं सांगणार होता. वाक्य जुळवून ठेवलं होतं, घसा खाकरलाही होता. पण तिचा चेहरा बघितला आणि त्याच्या तोंडून भलतंच निघालं.

"मूळ डिस्कशिवाय नाही होणार, ताई. सापडल्या की आणा. आणि तोवर मशीनला दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका."

शेवटचं वाक्य त्यानं का म्हटलं, हे वेगळं सांगायला नको. दुसऱ्यानं उघडलं असतं तर पितळ उघडं पडलं असतं. आणि डिस्क तर हरवलेल्याच होत्या. जन्मात सापडणार नाहीत असं धरून तो चालला. वेळ मारून नेली. घरी जाऊन जेवला नाही एवढंच.

दुसऱ्या दिवशी त्यानं 'सकाळी द्या, दुपारी न्या' ही पाटी उतरवली. तेव्हापासून कॉपी केल्याशिवाय त्यानं एकाही मशीनला हात लावला नाही.

बाई मात्र दर दोन-तीन महिन्यांनी यायची. शिवलेले कपडे पोचवायला बाजारात आली की वाकडी वाट करून दुकानाच्या पायरीशी उभी राहायची. "भाऊ, काही दुसरा मार्ग निघाला का?" आणि तो म्हणायचा, "मूळ डिस्कशिवाय नाही, ताई." ती मान डोलवायची, दोन शब्द इकडचे तिकडचे बोलायची आणि जायची. एकदा तिनं सांगितलं, ज्या दुकानातून मशीन घेतलं होतं ते बंद झालंय, पण त्याच्या मालकाचा पत्ता मिळवून तिनं पत्र टाकलंय. एकदा सांगितलं, कंपनीलाही लिहिलं होतं, त्यांनी कळवलं की इतक्या जुन्या मशीनच्या डिस्क आता ते ठेवत नाहीत. एकदा सांगितलं, तिची धाकटी बहीण तिला आपल्याकडे राहायला बोलावतेय, मोठं घर आहे, सासूबाईंनाही घेऊन ये म्हणतेय. "पण घर कसं सोडू? कुठल्या फटीत डिस्क असल्या आणि सामान हलवताना गेल्या तर?" सावकाशनं हे ऐकलं आणि मूग गिळून बसला.

यात आणखी वाईट भाग पुढेच आहे. दोन वर्षांनी तो पुसलेलं परत काढायची विद्या शिकला. कुणासाठी शिकला हे त्याला पक्कं माहीत होतं. हार्ड डिस्कवरचं पुसलं म्हणजे लगेच नाहीसं होत नाही. त्यावर दुसरं काही लिहिलं गेलं तरच जातं. आणि त्या मशीनवर तर शंभरातलं चौदाच लिहिलं गेलं होतं. बाकीच्या भागात तो आवाज, तुटका-फुटका का होईना, अजून पडलेला असण्याची बरीच शक्यता होती. त्यानं एका डॉक्टरचे रुग्णांचे कागद परत काढून दिले, एका म्हाताऱ्या वकिलाची तीस वर्षांची टिपणं काढून दिली. त्या लोकांनी त्याचे हात हातात घेतले. एकदा मनाचा हिय्या करून त्यानं बाईला म्हटलं, "ताई, एकदा आणून ठेवा मशीन. बघतो काही जमतं का."

"डिस्क सापडल्या का तुम्हाला?" तिनं आशेनं विचारलं.

"नाही, तसं नाही... नुसतं बघतो."

"मग नको बाई. तुम्हीच म्हणाला होतात, डिस्क मिळेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. मी चादरीत गुंडाळून ठेवलंय. सासूबाईंनासुद्धा पुसू देत नाही." आणि ती हसली. आपण त्याची शिकवण किती कसोशीनं पाळतोय, याचा तिला अभिमान होता. ते मशीन तिच्याकडून काढून घ्यायला आता एकच उपाय होता, खरं सांगणं. सावकाशनं शेपूट घातली. अशीच आणखी सात वर्षं गेली. माणूस वाईट होता का? मला विचाराल तर नव्हता. पण भित्रा होता, आणि भित्र्या माणसाच्या हातून जे होतं ते दुसऱ्यालाच भोगावं लागतं.

आणि मग परवा, दुपारी साडेबाराच्या सुमाराला, दुकानासमोर एक भाड्याची गाडी थांबली. आतून बाई उतरली. ड्रायव्हरनं चादरीत गुंडाळलेलं मशीन आणून काउंटरवर ठेवलं. तिनं पर्समधून एक पिवळं पडलेलं पाकीट काढलं आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरलं.

"सापडल्या," ती म्हणाली.

सावकाशला काय झालं असेल, कल्पना करा.

बाई पाणी प्यायली आणि तिनं सांगितलं. बस स्टँडवर आता घोषणा यंत्रानं होणार होत्या, म्हणून काचेची खोली रिकामी करायला काढली होती. तिथल्या लोखंडी कपाटाची किल्ली कधीच हरवली होती. ते कापून काढलं, तर आत नवऱ्याचा मफलर, चहाचा पेला, आणि वॉरंटी कार्डासकट हे पाकीट. घरात पोरंटोरं येतात, गणवेशांचा पसारा असतो, महत्त्वाची वस्तू ऑफिसात नीट राहील म्हणून त्यानंच तिकडे नेऊन ठेवलं होतं. त्याचा एक जुना सोबती ते सगळं आदल्या दिवशी घरी देऊन गेला.

"रात्रभर डोळ्याला डोळा नाही लागला," बाई म्हणाली. "सासूबाई तर पहाटेच उठून बसल्या. म्हणाल्या, आज माझ्या पोराचा आवाज ऐकायचा. चालू होईल ना आता, भाऊ?"

सावकाशनं पाकीट उघडलं. एकाच संचाच्या दोन डिस्क. एकीच्या काठाला बारीक अक्षरं होती. त्यानं चष्मा वर केला आणि ती वाचली. तीच जात. मशीनला कारखान्यातल्या पहिल्या दिवसासारखं करणारी.

आणि त्या क्षणी त्याला आपली सुटका दिसली. अगदी समोर, हात पुढे केला की मिळेल अशी. ही डिस्क घालायची. हो दाबायचं. हिरवी पट्टी या वेळी शंभरापर्यंत जाऊ द्यायची. मशीन चालू होईल, कोरं करकरीत, आणि मग कपाळावर हात मारून म्हणायचं, अरेरे ताई, या डिस्कनंच पुसलं हो सगळं, मला काय कल्पना! सगळं खापर डिस्कवर. नऊ वर्षांचं ओझं एका दुपारी उतरेल, कुणाला कधी कळणार नाही, आणि ही बाई वर त्याचंच सांत्वन करेल. तिच्या नवऱ्याच्या आवाजाचं जे काही मशीनमधल्या हार्ड डिस्कवर उरलं असेल, ते मात्र या वेळी कायमचं जाईल. ते त्याला कळत होतं. तरीही त्याचे हात चालू लागले.

त्यानं वायरी जोडल्या. डिस्क आत सरकवली. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यानं कॉपी न करता मशीन चालू केलं, आणि ते त्याचं त्यालाच खटकलं. बाई काउंटरला वळसा घालून आली आणि त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली. पडदा उजळला. आतलं चक्र फिरू लागलं. मग सगळं थांबलं आणि निळ्या पडद्यावर परक्या भाषेतल्या दोन ओळी उमटल्या. त्याचं बोट बटणावर होतं.

"काय म्हणतंय ते?" बाईनं विचारलं.

"काही नाही. नेहमीचं."

"पण काय म्हणतंय?"

तिनं सहज विचारलं होतं. तिला संशय नव्हता. नऊ वर्षं वाट बघितलेल्या गोष्टीतलं एकही अक्षर तिला चुकवायचं नव्हतं, एवढंच. सावकाशनं त्या दोन ओळींकडे पाहिलं. त्या दिवशी त्यानं त्या वाचल्याच नव्हत्या. आता वाचल्या. आणि त्याला वाटलं, निदान एवढं तरी खरं सांगावं.

"विचारतंय," तो म्हणाला, "की यातलं सगळं पुसलं जाईल. पुढे जाऊ का?"

"अगंबाई! मग नाही म्हणा ना!"

त्याचं बोट बटणावरून निघालं. त्यानं दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"मागच्या वेळी मी हो म्हटलं होतं, ताई."

बाईला पहिल्यांदा समजलंच नाही. त्याला पुन्हा सांगावं लागलं, आणि मग एकदा सुरुवात झाल्यावर त्यानं काही मागे ठेवलं नाही. दुसऱ्याची डिस्क, कानाला लावलेला फोन, हिरवी पट्टी, उपटलेला प्लग. तो पडद्याकडे बघून बोलत होता. मागे वळायची त्याची छाती झाली नाही.

बाई स्टुलावर बसली.

"म्हणजे त्याच दिवशी," ती म्हणाली. "मी घरी शोधत होते तेव्हा."

"हो."

"मग मी नंतर शोधत काय होते?"

त्यानं खुर्ची तिच्याकडे वळवली.

"भाऊ, माझ्या हातूनही कापड चुकतं. बाही आखूड होते, कॉलर उलटी लागते. एकदा तर अख्खा तागा चुकीचा कापला होता मी. त्याच संध्याकाळी शाळेत जाऊन हेडबाईंच्या तोंडावर सांगितलं. बोलल्या त्या, वाट्टेल ते बोलल्या. पण सांगितलं." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं, असं त्याला वाटलं. "मी तुम्हाला कितीदा येऊन विचारलं? या पायरीवर उभी राहून? दोन्ही गाद्या उसवल्या मी. भिंतीतलं कपाट गवंडी आणून उखडलं. बहिणीनं बोलावून बोलावून नाद सोडला. आणि तुम्ही प्रत्येक वेळी..." तिनं वाक्य सोडून दिलं.

"थोडं उरलं असेल अजून," तो म्हणाला. "शंभरातले चौदाच भाग गेलेत. बाकीचं काढता येतं. सगळं नाही मिळणार, तुकडे मिळतील, कदाचित काहीच नाही. पण मी करतो, ताई. मला येतं ते."

"केव्हापासून येतं?"

सावकाशला खोटं बोलायची ही शेवटची संधी होती. "सात वर्षांपासून," तो म्हणाला.

बाई उठली. तिनं पर्स खांद्याला लावली. तो समजला की आता ती मशीन उचलून जाणार, आणि गेली असती तर त्याला काही म्हणता आलं नसतं.

"हे राहू दे इथेच. डिस्क आधी बाहेर काढा," ती म्हणाली. "आणि उठा. चला माझ्याबरोबर."

"कुठे?"

"घरी. सासूबाई वाट बघतायत. त्यांना मी सांगणार नाही. नऊ वर्षं मी त्यांना तुमचंच वाक्य सांगत आले, मूळ डिस्कशिवाय नाही म्हणून. आता जे खरं आहे ते तुमच्या तोंडानं सांगा."

त्यानं डिस्क काढली, मशीन बंद केलं, शटर ओढलं. भर दुपारी सावकाशचं दुकान बंद होताना बघून चष्मेवाला बाहेर आला. "काय रे, कुणी आजारी आहे का घरी?" गाडीत बाई पुढे बसली, तो मागे.

तिसरा मजला. जिना अरुंद, प्रत्येक मजल्यावर चार दारं, आणि दुपारची वेळ असल्यानं सगळी उघडी. कुठे भांडी घासल्याचा आवाज, कुठे रेडिओ. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बाई थांबली आणि मागे न बघता म्हणाली, "जरा मोठ्यानं बोला त्यांच्याशी. ऐकायला कमी येतं आता."

खोलीत शिवणाचं मशीन होतं, निळ्या गणवेशांचे गठ्ठे होते, आणि खिडकीजवळच्या टेबलावर कॉम्प्युटर ठेवायला जागा करून तिथे धुतलेला टेबलक्लॉथ अंथरला होता. टेबलाला अगदी चिकटून एक खुर्ची, आणि खुर्चीत एक वाळकी म्हातारी. केस नीट विंचरलेले. इस्त्रीचे कपडे. सून एकटी आली नाही, सोबत दुरुस्तीवाला आलाय, पण मशीन नाही, हे बघून तिच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"आणलं नाही?"

सावकाश तिच्यापुढे जमिनीवर बसला. "आजी," तो म्हणाला, "तुमच्या मुलाचा आवाज माझ्या हातून पुसला गेला."

म्हातारीनं कानामागे हात धरला. "काय म्हणतोस?"

"आवाज माझ्या हातून पुसला गेला!"

"मोठ्यानं बोल बाबा. पुटपुटू नकोस."

सावकाशनं सुनेकडे पाहिलं. ती शिवणाच्या मशीनपाशी उभी होती आणि मदतीला येणार नव्हती. दार उघडं होतं. तो छातीत हवा भरून ओरडला, "मी पुसला! नऊ वर्षांपूर्वी! आणि खोटं बोललो!"

जिन्यातला रेडिओ बंद झाला. भांड्यांचा आवाजही थांबला. म्हातारीला ऐकू गेलं, कारण तिचा कानामागचा हात हळूहळू खाली आला. मग त्यानं तसंच ओरडून, एकेक वाक्य दोन-दोनदा, सगळं सांगितलं. दुसऱ्याची डिस्क. फोन. हो म्हटलं ते. सून दर वेळी विचारायला यायची ते. त्याला स्वतःला पुसलेलं काढता यायला लागलं ते, आणि केव्हापासून ते. शेजारच्या दोन बायका दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यानं त्यांनाही ऐकू दिलं. त्याचा घसा बसला.

"पण थोडा मिळेल, आजी!" तो शेवटी ओरडला. "मी आजपासून बसतो त्यावर! थोडा तरी मिळेल!"

म्हातारीनं त्या धुतलेल्या टेबलक्लॉथवरून हात फिरवला. तिचा आवाजही वयानं बारीक झाला होता, आणि तिचं बोलणं ऐकायला आता त्यालाच पुढे वाकावं लागलं.

"चार वर्षं झाली माझे कान जाऊन," ती म्हणाली. "त्याआधी मला सगळं ऐकू यायचं. जिन्यात कोण चढतंय ते पावलांवरून सांगायची मी. आणि तुला सात वर्षांपासून येत होतं." तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मारायला नाही आणि धीर द्यायलाही नाही. त्यानं आपल्याकडेच बघावं म्हणून. "मधल्या तीन वर्षांत का नाही आलास?"

"भीती वाटली," तो म्हणाला.

म्हातारीनं पुन्हा कानामागे हात धरला.